नवाला जागा दिसत नाही

तुम्ही एका बाईला कळवलंत की ती ठणठणीत आहे. ती ठणठणीत नाही. तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे, आणि ही गोष्ट तुम्हाला चौदा आठवड्यांपासून माहीत आहे. तुम्ही तिला अजून सांगितलेलं नाही. चूक केल्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. चूक माझ्याही हातून झालेली आहे, ती पुढे सांगतो. पण चूक कळल्यावर तिच्यावर बूड टेकून बसून राहणं, हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे.

तुमचं नाव मी या जाहीर पत्रात लिहीत नाही. नावं तुम्हालाही आवडत नाहीत. तपासणीच्या डब्यांवरची नावं तुम्हीच काढून टाकलीत.

माझी मोठी बहीण, ताई, शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दोन मशिनं, खिडकीशी कापायचं टेबल, आणि सगळ्या घरभर दोऱ्याचे तुकडे. दाजी, म्हणजे तिचे यजमान, जेवताना ताटातून दोरा काढून दाखवतात आणि म्हणतात, "आज भाजीला शिवण घातलीय वाटतं." अशा घरात ती गाठ निघाली. तुमच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला, औषधाच्या पाण्यात बुडवून डबीत घातला आणि डबीवर बारा आकड्यांचा नंबर चिकटवला. नाव नाही. नाव लिहिलं की ओळखीपाळखी निघतात, लोकांची दुखणी चव्हाट्यावर येतात, असं तुमचं म्हणणं. ठीक आहे, पटलं.

दहा दिवसांनी त्या नंबरचा कागद आला. कॅन्सर. तीन आठवड्यांनी ताईचा डावा स्तन काढला. काढलेला भाग पुन्हा तपासायला गेला, तो यावेळी मोठ्या लॅबमध्ये, आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. कागद दोनदा उलटापालटा करून म्हणाले, "यात काहीच सापडलं नाही. साधी गाठ होती. नशीबवान आहात."

दाजींनी तिथल्या तिथे माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. घरी येईपर्यंत ते एकटेच बोलत होते. घरी आल्यावर तिने कात्री घेतली आणि स्वतःचा एक कुडता उसवायला बसली. डाव्या बाजूचं कापड कमी करायचं होतं. मान वर न करता म्हणाली,

"मग तो आधीचा कागद कुणाचा?"

दाजी म्हणाले, "अगं, सुटलीस ना! आता कशाला उकरतेस?"

"सुटले कशातून? नव्हतं त्यातून?"

"तसं नाही गं..."

"तुम्ही जरा गप्प बसा हो." मग माझ्याकडे वळली. "तू आकड्यातला ना? मग सांग. त्यांनी एका बाईच्या छातीत कॅन्सर बघितला. ती बाई मी नाही. मग कुठेतरी दुसरी आहे, आणि तिला माझा कागद गेलाय. ती आता घरी बसून म्हणत असेल, वाचले बाई."

दाजी कुडत्याचे उसवलेले दोरे गोळा करायला लागले.

"माझं गेलं ते गेलं," ताई म्हणाली. "तिचा जीव अजून आहे. तू शोध तिला."

मी आकड्यातला म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी सातवीपर्यंत शिकलो. गॅसच्या सिलिंडरच्या गळ्यावर पंच आणि हातोडीने नंबर ठोकतो. बावीस वर्षं झाली. प्रत्येक सिलिंडर पाणी भरून दाबाने तपासतात. पास झाला तर त्याच्या नंबरापुढे पास लिहायचं, नापास झाला तर तो बाजूला काढायचा. नंबर चुकला तर फुटका सिलिंडर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. म्हणून आम्ही ताळा करतो. ताळा म्हणजे आकडा बरोबर उतरला की नाही हे पाहायची कसोटी. पूर्वी आम्ही नवाचा ताळा करायचो: नंबरातल्या सगळ्या अंकांची बेरीज करायची, तिला नवाने भाग जातो का बघायचं. शेवटचा अंक मुद्दाम असा ठेवायचा की भाग जावा. एक अंक चुकून दुसरा पडला की बेरीज बिघडते, चूक लगेच सापडते.

सोळा वर्षांपूर्वी मी अठ्ठावन्नच्या जागी पंच्याऐंशी ठोकले. पाच आणि आठ, आठ आणि पाच. बेरीज तेराच. ताळा जमला. नापास सिलिंडर पासवाल्यांबरोबर गाडीत चढला. फोरमनने तीन दुकानं पालथी घालून तो परत आणला. मला वाटलं आता हाकलतोय. तो घाम पुसत बसला आणि म्हणाला, "गाढवा, नवाला अंक दिसतो. जागा दिसत नाही. उद्यापासून अकराचा ताळा." मी विचारलं, का? तो म्हणाला, "का ते तू शोध. तीच तुझी शिक्षा."

शिक्षा मी भोगली. जुन्या बाजारातून गणिताची पुस्तकं आणून जेवणाच्या सुट्टीत वाचली. दहाला नवाने भागलं की एक उरतो. शंभराला भागा, एकच उरतो. हजाराला, लाखाला, कोटीला, एकच. म्हणून तीन हा अंक एककाच्या घरात बसो की कोटीच्या, नवाच्या लेखी तो नुसता तीन. अकराचं तसं नाही. दहाला अकरा बनायला एक कमी पडतो, शंभरातून नव्व्याण्णव गेले की एक जास्त उरतो, हजाराला पुन्हा एक कमी. म्हणून अकराच्या ताळ्यात एक घर मिळवायचं, पुढचं वजा करायचं. शेजारच्या दोन अंकांनी जागा बदलली की बाकी लगेच ओरडते.

तर ताईचा नंबर मी कागदावर मांडला. ८२०५१७४०२३६७.

बेरीज पंचेचाळीस. नवाने भाग गेला, ९११६८६००२६३. त्याला तिनाने पुन्हा भाग गेला. तेरानेही गेला. साताने नाही गेला, दोनदा करून पाहिला. काळजी लागली की मी असे भाग लावत बसतो, बाकीचे लोक बोटं मोडतात तसं. आणि भाग लावता लावता समजलं की तुम्ही लोक अजून नवावरच आहात.

मग मी तुमच्या कचेरीत आलो. दुसरा मजला, उजवीकडची शेवटची खोली, खिडकीत सुकलेली कुंडी. तुम्ही नंबर यंत्रात टाकलात. पडद्यावर हिरवी खूण आली.

"ताळा जमतोय," तुम्ही म्हणालात. "यंत्र चुकीचा नंबर घेतच नाही. चूक असूच शकत नाही."

"नवाचा ताळा आहे का साहेब?"

तुम्ही पहिल्यांदा वर बघितलंत. "तुम्ही काय करता?"

"नंबर ठोकतो."

"कुठे?"

"सिलिंडरवर."

"शिक्षण?"

"सातवी."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. "साहेब, गणिताची शिकवणी लावताय वाटतं."

मी कागद पुढे केला. वर ताईचा नंबर, खाली दुसरा: ८२०५१७४०२६३७. "शेवटून दुसरा आणि तिसरा अंक बघा. छत्तीस आणि त्रेसष्ट. दोन्हींची बेरीज पंचेचाळीस. दोन्हींना नवाने भाग जातो."

"जातो ना? मग?"

"दोन्हींना जातो, साहेब. तेच तर म्हणतोय. ही अदलाबदल तुमच्या यंत्राला दिसत नाही. अकराने भागा. पहिल्याची बाकी तीन, दुसऱ्याची नऊ. अकराला दिसलं असतं."

तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात. बोटाच्या टोकाने सरकवलात, माशी ढकलावी तसा. "बारा आकडी नंबर आहे. अब्जावधी नंबर होतात. त्यातला नेमका हाच कशावरून?"

इथे मी तुमच्यावर आवाज चढवला, ते खरं आहे. कारण बारा आकडे हा नुसता डामडौल आहे. पहिले नऊ अंक एका दिवसाच्या सगळ्या डब्यांना सारखेच असतात, हे मी खाली बाकांवरच्या लोकांचे कागद बघून आलो होतो. उरले तीन. त्यातला शेवटचा ताळ्याचा. म्हणजे खरा नंबर दोन अंकांचा. एका दिवशी ऐंशी-नव्वद डब्या, आणि एक डबी दुसरीपासून ओळखायला दोन अंक. छत्तीस आणि त्रेसष्ट. त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये, सत्तावीस डब्यांच्या अंतरावर. अब्जावधीतून शोधायचं नव्हतंच. एका ट्रेमधून शोधायचं होतं.

"अर्ज द्या," तुम्ही म्हणालात.

अर्ज दिला. परत जाताना मागच्या जिन्यात एका बाईंनी हाक मारली. "दादा, थांबा." तुमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये नोंदी करणाऱ्या बाई. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, चष्म्याला दोरी. मी त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही, आणि तुम्ही त्यांना शोधायच्या भानगडीत पडू नका. तुमच्याकडे दुसरी बाई शोधायची बाकी आहे.

त्या म्हणाल्या, "तुमचं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू आलं. आम्ही जोडीने बसतो. एक जण डबीवरचा नंबर आणि निकाल वाचतं, दुसरं यंत्रात भरतं. पहिले नऊ अंक आधीच आलेले असतात, आम्ही फक्त शेवटचे तीन दाबतो. हिरवं आलं की पुढची डबी."

"आणि छत्तीसच्या जागी त्रेसष्ट दाबलं तर?"

"हिरवंच येतं." त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "मग खरी त्रेसष्टची डबी आली की यंत्र म्हणतं, या नंबरची नोंद आधीच झालीय. असं महिन्यातून दोन-तीनदा होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, ट्रेमध्ये मागे रिकामा कोणता राहिलाय? मी म्हटलं, अमुक. म्हणाले, मग तिथे टाका, दुसरा कोणाचा असणार? तेव्हापासून आम्ही तसंच करतो. रिकामं घर भरतो."

मी पायरीवर बसलो. कागद मांडीवर घेऊन क्रम लावला.

ताईची डबी आधी आली. तिचा चांगला निकाल त्रेसष्टच्या घरात गेला. मग त्रेसष्टची डबी आली, निकाल कॅन्सर. घर भरलेलं. मागच्या डब्यांत रिकामं एकच होतं. छत्तीस. ताईचं. तुमच्या लोकांनी तिथे कॅन्सर टाकला. दोन्ही नंबर ताळ्यात बसले, ट्रे पूर्ण झाला, दिवस नीटनेटका संपला.

"दादा," बाई म्हणाल्या, "नाकारलेल्या नोंदींची यादी यंत्र आपोआप ठेवतं. कुणी बघत नाही. मी तुमची तारीख काढून बघितली. अकरा बेचाळीसला एक नोंद नाकारलेली आहे. नंबर सहाशे सदतीसने संपतो." त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. पुसून काही फरक पडला नसावा. "तो हात माझा होता की जोडीदाराचा, मला आठवत नाही. मी रोज आठवायचा प्रयत्न करते."

मी म्हटलं, "बाई, हात चुकतो. मी पण चुकलोय." त्यांना बरं वाटलं असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुमच्यासमोर. मी बाईंचं नाव घेतलं नाही, फक्त म्हटलं, त्या तारखेची नाकारलेल्या नोंदींची यादी काढा. तुम्ही काढलीत. तुम्ही वाचलीत. मी तुमचा चेहरा बघत होतो, साहेब. तुम्हाला कळलं. त्या क्षणी कळलं. कारकून काहीतरी विनोद करायला गेला आणि तुम्ही त्याला हाताने थांबवलंत. त्या एका हातासाठी मी तुम्हाला माणूस समजलो होतो.

"हे प्रकरण समितीपुढे ठेवावं लागेल," तुम्ही म्हणालात.

"समितीपुढे माझ्या बहिणीचं ठेवा. तिचा घाव कुठे पळून जात नाही. या दुसऱ्या बाईला आज फोन करा."

"दुसऱ्या रुग्णाची माहिती तुम्हाला देता येणार नाही. गोपनीय असते."

"मला देऊ नका! मला कशाला हवीय? तिला द्या! तिची माहिती तिलाच द्या!"

"चूक सिद्ध झाल्याशिवाय आम्ही कुणाला घाबरवू शकत नाही."

"दोन्ही तुकडे तुमच्या कपाटात आहेत. मेणात बसवून ठेवलेले. परत बघा. एका दुपारचं काम आहे."

"त्यालाही मंजुरी लागते."

त्या दिवसाला चौदा आठवडे झाले.

घरी सांगितलं तेव्हा दाजी पहिल्यांदा चिडले. इतके दिवस ते ताईला म्हणत होते, विसर. त्या रात्री जेवले नाहीत. ताईने मात्र कापडाच्या गठ्ठ्याखालचा पुठ्ठा काढला, खडूने त्यावर त्या दुसऱ्या बाईच्या डबीचे बारा आकडे लिहिले, मग खडू पुसला जाईल म्हणून वरून काळ्या दोऱ्याने टाचले. एकेक अंक. पाठीमागून दोरा ओवताना तिचा डावा हात पुरता वर जात नव्हता, म्हणून पुठ्ठा गुडघ्यात धरला होता. मी म्हटलं, "ताई, पेनाने लिहितो ना मी."

"तुझा भरवसा नाही. अठ्ठावन्नचं पंच्याऐंशी करणारा तू." आणि हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

दर मंगळवारी ती तुमच्या दवाखान्याच्या बाकांच्या हॉलमध्ये पुठ्ठा घेऊन बसते. बायका येतात, बघतात. एकीने विचारलं, "लॉटरीचा नंबर का हो मावशी?" ताई म्हणाली, "हो. तुमचा कागद काढून बघा, लागली नसली तर बरं." बायका हसत हसत पर्स उघडतात, कागद काढतात, आणि काढेपर्यंत त्यांचं हसू कुठे जातं ते मी बघितलंय.

पाचव्या मंगळवारी एक बाई उभीच राहिली. बरोबर तिची आई होती. "सहाशे सदतीस! माझा सहाशे सदतीस आहे!" ताई धावली. दोघींनी कागद आणि पुठ्ठा शेजारी धरला. मी डावीकडून एकेक अंक वाचत गेलो, मोठ्याने, कारण ती बाई डोळे मिटून उभी होती. आठ, दोन, शून्य, पाच, एक, सात, चार. पुढे आमच्याकडे शून्य, दोन. तिच्याकडे एक, एक. नऊ दिवसांनंतरची तारीख. नवाच्या ताळ्यात दर नऊ दिवसांनी असा शेवट पुन्हा येतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. "तुमचा नाही," मी म्हटलं. ती बाकावर बसली आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. आई मला म्हणाली, "मेल्या, आधीच नीट बघता येत नव्हतं का?" तिचं बरोबर होतं.

त्याच दिवशी तुमचा पहारेकरी आला. "ताई, उठा. वरून सांगितलंय, लोक घाबरतात." ताई उठली. तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग इकडेतिकडे बघून त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बायकोचा होता. मी वाचला. तो नव्हता. त्याने कागद परत खिशात घातला आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकात म्हणाला, "पुढच्या मंगळवारी माझी दुपारची पाळी आहे. सकाळी मी नसतो." एवढंच बोलून वळला. आता आम्ही सकाळी जातो.

पण हॉलमध्ये येतात त्या बायकांना काहीतरी होतंय म्हणून त्या येतात. आम्हाला हवी आहे ती बाई तिथे येणारच नाही. तिला तुम्ही सांगितलंय की तिला काही झालेलं नाही. ती कशाला येईल? ती कामावर जात असेल. पोरांच्या वह्या तपासत असेल, बस चालवत असेल, मला काय माहीत. गाठ हाताला लागत असेल आणि ती स्वतःला म्हणत असेल, तपासलीय, साधी आहे.

म्हणून नंबर इथे छापतोय. ८२०५१७४०२६३७. तुमच्या गोपनीयतेचं मी काही फोडलेलं नाही. या नंबरामागचं नाव मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. बारा आकडे दाबले की पडद्यावर तिचं नाव, पत्ता, फोन येतो.

मला समितीचं उत्तर नको. 'विचाराधीन' नको. माझ्या बहिणीला भरपाई किती, हेही आज विचारत नाही, त्यासाठी वेगळा भांडेन. आज एकच विचारतो, आणि हो किंवा नाही एवढंच ऐकायचंय: तुम्ही तिला फोन केलात का? नसेल केला, तर आज किती वाजता करताय?